आत गेलेली बाही

सानगडीत बातमी पोचवायचे दोन मार्ग होते. एक पोस्टाचा, त्यात चार दिवस जात. दुसरा भैय्याजींचा, त्यात घडायच्या आधीच बातमी पोचल्याची उदाहरणं होती. तुलारामच्या मुलीची सोयरीक मोडली, ते खुद्द तुलारामला भैय्याजींकडूनच कळलं होतं.

भैय्याजी कापडवाले. आठवड्यातले चार दिवस चार गावच्या बाजारात गठ्ठे सोडून बसायचे, उरलेले तीन दिवस सानगडीच्या दुकानात. कापडाचा धंदाच असा की माणसाच्या घरातलं काही झाकून राहत नाही. कुणी झबल्याला मलमल मागितली की बाळ झालं. कुणी खणाच्या घड्या उलगडून बघू लागली की लग्न ठरलं. आणि पांढरं कोरं कापड मागून कुणी भाव विचारला नाही, म्हणजे घरातलं माणूस गेलं. कात्री चालवता चालवता भैय्याजी दोन चौकशा करायचे आणि दिवस मावळायच्या आत चिंधूच्या हॉटेलातल्या बाकड्यावर सगळा माल मोकळा करायचे. तोंडात तीळ भिजत नसे. पण यात दुजाभाव नव्हता. स्वतःची मूळव्याधही त्यांनी चारही बाजारांत सारख्याच उदारपणे वाटली होती. त्यामुळे लोक रागावत नसत. रागावून उपयोग नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. तो राग पुढच्या बाजारी पोचला असता.

अशा या माणसाने सगळ्या जन्मात एकच गोष्ट मनात ठेवली.

घरात तिघं आणि एक लहानसं. बायको निर्मलाबाई चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा गोपीचंद गोंदियाला राइस मिलमध्ये कारकून होता. पंधरा दिवसांनी एकदा यायचा आणि आल्या आल्या झोपायचा. सून चंद्रकला कमी बोलायची. त्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायची संधी मिळत नसे, हेही त्याचं कारण असू शकेल. आणि तिचा पहिला मुलगा, इश्वर. नाव केवढं मोठं, मालक वीतभर.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पोळ्याला इश्वर सहा महिन्यांचा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो रडायला लागला. रडणं विचित्र होतं. एकदम किंचाळायचा, गुडघे पोटाशी घ्यायचा, पांढराफटक पडायचा. मग विस्तव विझावा तसा गप्प. पाव तासाने पुन्हा. संध्याकाळी दुपट्यावर जांभळाच्या रसासारखं रक्त दिसलं आणि चंद्रकलेने हंबरडा फोडला. भैय्याजींनी लेकराला उचललं, सुनेला घेतलं आणि साकोली, भंडारा करत नागपूर गाठलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी इश्वरला काचेच्या दारामागे नेलं. चंद्रकला बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. रात्रभराचं जागरण. तिचा तिथेच डोळा लागला. तासाभराने डॉक्टर बाहेर आले ते भैय्याजींसमोर. मोठा माणूस, पण गोष्ट सांगायची हौस असलेला. त्यांनी भैय्याजींच्या सदऱ्याची बाही धरली.

"तुमचा धंदा काय?"

"कापडाचा, साहेब."

"मग तुम्हाला लगेच कळेल. ही बाही आहे ना, तसं आतडं. घाईघाईत सदरा काढला की बाही आत सरकते ना? तसं ह्याचं आतडं आतड्यातच शिरलं होतं." त्यांनी खरोखरच बाही आत ढकलून दाखवली. "आम्ही खालून औषध चढवलं, पडद्यावर बघत बघत बाही सरळ केली. कापाकापी करावी लागली नाही."

भैय्याजींनी हात जोडले.

"थांबा, अजून सांगायचंय. दहात एखाद्या लेकराला हे परत होतं. आठवड्यात होईल, चार महिन्यांनी होईल, नाहीही होणार. पण थांबून थांबून रडायला लागला, पाय पोटाशी घेतले, तर मधे शांत झाला तरी उचला आणि निघा. रक्ताची वाट पाहू नका. रक्त येतं तोवर उशीर झालेला असतो. आणि हे त्याच्या आईला सांगा. आईला सगळ्यांत आधी कळतं."

"सांगतो, साहेब."

"नक्की सांगाल ना?"

भैय्याजींना हसू आलं. सानगडीच्या कोणत्याही माणसाला आलं असतं.

बस सानगडीत पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पुष्पाबाई शेजारीण भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिने लेकरावरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. चंद्रकला उंबऱ्याशी थांबली आणि विचारलं, "मामाजी, डॉक्टर काय म्हणाले? मी तं झोपूनच गेलती."

तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आले होते. नेमक्या त्या वेळी पुष्पाबाईने आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

निर्मलाबाईचा एक नियम होता. दिवेलागणीला घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते. बायकोच्या हयातीत भैय्याजींनी तिचा एकही नियम पाळला नव्हता. ती आजारी असताना अशाच एका दिवेलागणीला कुणी चौकशीला आलं, आणि भैय्याजी सवयीने म्हणून गेले होते, "हे काही यंदाची दिवाळी पाहत नाही आता." निर्मलाबाईने आतून ऐकलं. दिवाळीला सोळा दिवस उरले होते, त्या दिवशी ती गेली. लोक म्हणाले, आजार तसाच होता. भैय्याजीही चारचौघांत तसंच म्हणाले. पण त्या दिवसापासून दिवा लागला की ते अंगणात जाऊन बसायचे.

"चांगला झाला म्हणाले," भैय्याजी बोलले. "पूरा चांगला. जा आत."

उद्या सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी सूर्यनारायणाच्या साक्षीने बोलायला काय हरकत आहे? पण सकाळी पाहुणे आले. मग गणपती बसले. गणपतीपुढे विघ्नाची गोष्ट कुणी काढतं? मग पितृपक्ष लागला, तेव्हा तर नावच नको. पुढे नवरात्र. नवरात्रात उष्टावण झालं, इश्वरने भाताचं पहिलं शीत चाटलं आणि तोंड असं काही केलं की चंद्रकला खळखळून हसली. ती हसलेली भैय्याजींनी पहिल्यांदाच ऐकली. त्या हसण्यात ते वाक्य कुठून घालायचं?

पंचांगात वाईट बोलण्याचा मुहूर्त नसतो, हे भैय्याजींना तेव्हा समजलं. आणि दिवस जसजसे जात होते, तसतसं त्यांना वाटू लागलं की न बोलण्यानेच लेकरू जपलं जातंय. तोंड बंद आहे तोवर बाही सरळ आहे. चिंधूच्या हॉटेलात त्यांनी नागपूरचा दवाखाना, काचेचं दार, पडदा, डॉक्टरचा चष्मा, सगळं पन्नास वेळा सांगितलं. सदऱ्याची बाहीसुद्धा आत ढकलून दाखवली. दरवेळी "सरळ केली" इथे थांबले.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत मंडईच्या जत्रा सुरू होतात. आज ह्या गावची, उद्या त्या गावची; दुकानं लागतात, दंडारी नाचतात, लेकीजावयांनी घरं भरतात. पवनीकडे आसगावला भैय्याजींची मुलगी ताराबाई दिलेली होती. गोपीचंद भाऊबीज आटपून गोंदियाला गेला आणि भैय्याजी दोन दिवसांसाठी गठ्ठे घेऊन आसगावच्या मंडईला. निघताना इश्वरने त्यांची मिशी धरली. सोडवायला वेळ लागला, बस जवळजवळ चुकलीच होती. पुढे कितीतरी वर्षं त्यांना वाटत राहिलं, चुकली असती तर.

ते गेले त्याच दिवशी सकाळी इश्वर रडला. पाय पोटाशी घेतले. मग गप्प झाला आणि वाटी वाजवत बसला.

पुष्पाबाई डोकावली. "दात येऊन राहिले व बाई. बेंबीभोवती हिंग लाव."

चंद्रकलेने हिंग लावला. अर्ध्या तासाने तो पुन्हा किंचाळला. तिने लंगोट पाहिला, कोरा होता.

"मागल्या खेपेस रक्त पडलं होतं," ती म्हणाली. "आता तं नाही."

"मंग काहून घाबरतं? पाह्य ना, कसा हासून राहिला."

आणि खरंच इश्वर हसत होता. दिवसभर असंच चाललं. किंचाळला की ती उठायची, गप्प झाला की बसायची. दर वेळी लंगोट उजेडात धरून पाहायची. मागल्या खेपेस रक्त दिसल्यावर नेलं आणि लेकरू वाचलं. म्हणजे रक्त दिसलं की न्यायचं, हा ठोकताळा तिने स्वतःच बांधला होता. दुसरा तिला कुणी दिलाच नव्हता. घरात पुरुषमाणूस नाही, दात येणाऱ्या लेकराला घेऊन भंडाऱ्याला धावलं तर लोक हसतील, हेही होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिरवं ओकला आणि मग रडेनासा झाला. रडणं थांबलं म्हणून पुष्पाबाईने देवाला साखर ठेवली. दुपारी लंगोट लाल झाला.

भैय्याजी दुपारच्या एसटीतून उतरले, ते हातात मंडईतली कागदी भिंगरी घेऊन. भिंगरी बसच्या वाऱ्याने फिरतच होती. समोर चंद्रकला लेकराला छातीशी धरून उभी, शेजारी पुष्पाबाई.

"कालच्या सकाळपासून थांबून थांबून रडे, मामाजी," चंद्रकला म्हणाली. "मधात एकदम चांगला राहे. खेळे. म्हणून मी..."

भैय्याजींनी इश्वरकडे पाहिलं. काही विचारलं नाही. गठ्ठे तिथेच रस्त्यावर राहिले. भिंगरी कुणाच्या हातात दिली ते त्यांना कधी आठवलं नाही. पुढच्या गाडीने साकोली, तिथून भंडारा. कारध्याला वैनगंगेचा पूल लागला तेव्हा चंद्रकलेने पदराखालून एक हात काढून नदीला जोडला. सगळ्या वाटेत भैय्याजी एक शब्द बोलले नाहीत. मागच्या बाकावरच्या ओळखीच्या माणसाने त्यांना दोनदा हाक मारली, मग दुसराच कुणी असेल म्हणून सोडून दिलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोटावर हात ठेवला, चंद्रकलेने सोबत आणलेला नागपूरचा इंग्रजी कागद वाचला आणि आवाज चढवला. "दुसऱ्यांदा आहे हे! इथे स्पष्ट लिहिलंय, परत होऊ शकतं, लगेच आणा, घरच्यांना समजावलं आहे म्हणून. कुणाला समजावलं होतं?"

भैय्याजींनी स्वतःच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली.

चंद्रकलेने सासऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. "मलेच सांगतलं असन, साहेब," ती हळूच म्हणाली. "मामाजीच्या तोंडात काही राहत नाही. त्यायनं सांगतलंच असन. मीच विसरली असन."

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत, लेकराला आत घेऊन गेले. संध्याकाळी पोट उघडलं. आत गेलेलं आतडं काळं पडलं होतं. सकाळी, परिचारिका कोऱ्या चादरी घेऊन येत होत्या तेव्हा, इश्वर गेला. गोपीचंद गोंदियाहून दुपारी पोचला.

एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. दहावं नाही, तेरावं नाही, रडायला लोक बसावेत असा एक दिवसही नाही. पांढरं कापड भैय्याजींनी स्वतः फाडलं. आयुष्यभर कापड मोजलेला हात. न मोजताच बरोबर बसलं. झबल्याला लागतं त्याहून वीतभर जास्त.

आठ दिवसांनी ते चिंधूच्या हॉटेलात गेले. आत शिरता शिरता बाकड्यावरचा आवाज कानी आला, "दोन दिवस घरात ठेवलं म्हणे पोट्टं. मायच अशी, तं..." भैय्याजींना पाहून बोलणारा गप्प झाला. सानगडीत पहिल्यांदाच एक बातमी त्यांच्याशिवाय फिरत होती.

"तिची चूक नाही," भैय्याजी उभ्यानेच म्हणाले. "डॉक्टरनं मले सांगतलं होतं. परत होईन, लवकर आण, मायले सांग. मी तिले सांगतलंच नाही."

मग चिंधू कप विसळत म्हणाला, "भैय्याजी, तुमच्या तोंडात दोन महिने गोष्ट राहिली, हे कोण मानन गा?"

"खरं सांगून राहिलो, चिंधू."

"बसा, च्या घ्या."

तुलाराम उठला. त्याने भैय्याजींच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. "सासरा असावा तं असा. सुनेचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिले."

दिवे लागायच्या आत ही गोष्ट गावभर झाली. भैय्याजी थोर ठरले. आणि ज्या सुनेसाठी एवढ्या थोर माणसाला खोटं बोलावं लागलं, ती आणखी वाईट ठरली. आयुष्यभर ऐकीव गोष्टी वाटल्या, त्या लोकांनी खऱ्या मानून घरी नेल्या होत्या. एकच खरी दिली, ती कुणी घेतली नाही.

घरी चंद्रकला अंगणात बसली होती. दिवेलागणीची वेळ. तिने वर न पाहता विचारलं, "मामाजी, मले तुम्ही कोणत्या दिवशी सांगतलं होतं?"

"काय?"

"डॉक्टरनं सांगतलं ते. मी आठ दिवसांपासून आठवून राहिली. नागपूरहून आलो तो दिवस आठवते, पुष्पाबाईनं तुकडा ओवाळला ते आठवते. दुसऱ्या दिवशी कोण कोण आलतं तेही आठवते. तुमचं सांगणंच आठवत नाही. अशी कशी मी माय? पोट्ट्याच्या जिवाची गोष्ट, अन् मी ऐकलीच नाही?"

आत देवापुढे दिवा नव्हता. लावणारी इथे बसली होती. भैय्याजी उंबऱ्यावर खाली बसले.

"तू विसरली नाहीस," ते म्हणाले. "मी सांगतलंच नव्हतं."

चंद्रकलेने मान वर केली. सगळ्या सानगडीत भैय्याजींचं बोलणं एकटीने खरं मानलं ते तिने. समोरच्या घरात दिवा लागला, मग पुष्पाबाईकडे.

"काहून?" तिने विचारलं.

त्यांनी निर्मलाबाईची दिवाळी सांगितली. गणपती, पितृपक्ष, नवरात्र सांगितलं. सांगता सांगता त्यांनाच ते इतकं फुसकं वाटलं की ते मधेच थांबले.

"आता सांगा," चंद्रकला म्हणाली. "डॉक्टर जसे बोलले तसं. पूरं."

त्यांनी बाही आत ढकलून दाखवली आणि सगळं सांगितलं. आईला आधी कळतं, हे शेवटचं. पूर्ण सांगायला, कापड मोजून फाडायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"एवढंसंच होतं?" चंद्रकला म्हणाली.

ती उठली, आत गेली. पुढच्या आठवड्यात गोपीचंद तिला गोंदियाला घेऊन गेला. जाताना तिने वाकून नमस्कार केला. रिवाज होता म्हणून.

त्यानंतर भैय्याजींनी एक नवी रीत धरली. कुणी झबल्याला कापड मागितलं की कात्री लावायच्या आधी स्वतःची बाही आत ढकलायची आणि डॉक्टरचं बोलणं शब्दाला शब्द म्हणून दाखवायचं. मग कापड फाडायचं. नव्या बाळाच्या आजीला हे ऐकवलं तर काय होतं? पहिलीने कानांवर हात ठेवले. दुसरीने शिव्या दिल्या. वर्षभरात झबल्याचं कापड घ्यायला लोक लाखनीला जाऊ लागले. बारशाचं बोलावणं बंद झालं. मग भैय्याजी आपणच घरोघर जाऊ लागले. त्यांना येताना पाहून बाळंतिणीची खिडकी लावून घेतली जायची; ते बंद खिडकीला सांगून परत यायचे. ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक चुलीपर्यंत वाट होती, त्याला आता अंगणातूनच वाटेला लावत.

एकदा मंगरूची सून रडणारं लेकरू घेऊन भंडाऱ्यापर्यंत गेली, भैय्याजींचं बोलणं डोक्यात बसलं होतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वात धरलाय. परत आल्यावर मंगरूने भर बाजारात भैय्याजींना वाटेल ते ऐकवलं. ते मान खाली घालून ऐकत होते. तो दमून गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "मंजे लेकरू चांगलं आहे ना?" आणि गठ्ठ्यावर बसून सगळ्यांसमोर रडले. मंगरूला काय करावं ते कळेना. तो पाणी आणायला गेला.

चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला चंद्रकला सहा वर्षांनी सानगडीला आली. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. पुष्पाबाईने तुकडा ओवाळला. पुष्पाबाई आता वाकली होती, तरी तिला बोलायचं होतंच, "एकदम गोड आहे व, माझीच दृष्ट लागन." दिवेलागण झालेली. भैय्याजी सवयीने अंगणात जायला निघाले.

"मामाजी," चंद्रकला उंबऱ्यातून म्हणाली. "कुठं जाता? हिले सांगा ना."

"आता? दिवा लावून राहिली पुष्पाबाई."

"लावू द्या. दिव्यासमोरच सांगा."

पुष्पाबाईने कपाळाला हात लावला. भैय्याजी परत फिरले. सदऱ्याची बाही आत ढकलली. पोरगी त्या रिकाम्या बाहीकडे टक लावून पाहू लागली.

"थांबून थांबून रडली," ते म्हणाले, "पाय पोटाशी घेतले, तं..."

आवाज तिथेच अडला. बंद खिडक्यांपुढे कधी अडला नव्हता. चंद्रकलेने थोडा वेळ वाट पाहिली. मग पोरीच्या डोक्यावर पदर ओढत ती स्वतःच पुढचं म्हणाली, "मधात शांत झाली तरी. मधात हासली तरी. उचलाची अन् निघाचं."

हसण्याचं डॉक्टर बोलले नव्हते. ते तिचं होतं. भैय्याजींनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात सांगताना तेही सांगू लागले.